भूपेन खख्खर : हिशेबनीस, चित्रकार आणि बाल्कनीतला उघडा माणूस

टर्पेंटाइन

चित्रकार ना. श्री. बेंद्र्यांच्या धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं की बडोद्याच्या फाइन आर्ट्समधून, म्हणजे तिथल्या विद्यापीठाच्या कलाशाखेतून, पुढे नाव घेण्यासारखं कोण आलं. उत्तर लांबायला लागलं म्हणून वेगळा धागा काढतोय. माझ्यासाठी उत्तर एकच, भूपेन खख्खर. गंमत म्हणजे ते तिथे चित्रकला शिकायला गेलेच नव्हते.

जन्म १० मार्च १९३४, मुंबई, खेतवाडी. घर गुजराती. भूपेन चार वर्षांचे असताना वडील गेले. आईच्या अपेक्षा चारचौघींसारख्या : शिकावं, नोकरी धरावी, लग्न करावं. पहिल्या दोन त्यांनी इमानेइतबारे पुऱ्या केल्या. अर्थशास्त्र घेऊन बी.ए., मग बी.कॉम., मग चार्टर्ड अकाउंटंट. संध्याकाळी जे.जे. कलाशाळेचे वर्ग. १९५८ मध्ये चित्रकार गुलाममोहम्मद शेख भेटले, त्यांनी बडोद्याचं वेड डोक्यात घातलं आणि १९६२ मध्ये भूपेन मुंबई सोडून गेले. प्रवेश घेतला कलासमीक्षेच्या अभ्यासक्रमाला. पोटापाण्यासाठी अर्धवेळ एका कंपनीचे हिशेब बघायचे आणि उरलेल्या वेळात चित्रं. हे पुढे बरीच वर्षं असंच चाललं.

पहिलं प्रदर्शन १९६५ मध्ये, मुंबईत. देवादिकांच्या छापील तसबिरी कापून केलेले कोलाज. ज्या तसबिरी आपण देवघरात लावतो आणि चौकट किडली की पारावर नेऊन ठेवतो, त्याच. जिम डोनोव्हन नावाचा एक इंग्रज चित्रकार बडोद्यात त्यांच्याकडे राहिला, त्याच्यामुळे पॉप आर्टची, म्हणजे बाजारातल्या रोजच्या वस्तू आणि जाहिराती चित्रात आणणाऱ्या पाश्चात्त्य शैलीची, ओळख झाली. पण पॉपमधलं सुपाच्या डब्याचं अप्रूप त्यांना चिकटलं नाही. त्यांनी आपल्या गल्लीतली दुकानं बघितली.

१९७२ हे वर्ष नोंदवून ठेवा. 'जनता वॉच रिपेअरिंग', 'डीलक्स टेलर्स', न्हाव्याचं दुकान, 'असिस्टंट अकाउंटंट श्री. आय. एम. पटेल' ही सगळी चित्रं एकाच वर्षातली. घड्याळवाला काउंटरमागे, पाटीवर दुकानाचं नाव, रंग पाटी रंगवणाऱ्या पेंटरसारखे सपाट आणि भडक. तोवरचे आपले आधुनिक चित्रकार शेतकरी रंगवत होते, घोडे, देव, निसर्ग, नग्न स्त्रिया, नाहीतर निव्वळ रंगाकार. टेरिकॉटचा शर्ट घातलेला, खिशाला पेन लावलेला, जेवून ऑफिसला निघालेला माणूस कुणाला दिसलाच नव्हता. खख्खर त्याची टिंगल करतात की त्याच्यावर जीव टाकतात, हे शेवटपर्यंत नक्की ठरवता येत नाही. मला वाटतं दोन्ही.

आता १९७५-७६ चं 'प्लास्टिकच्या फुलांचा गुच्छ घेतलेला माणूस'. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे. मध्यभागी मोठा, समोरून दिसणारा पुरुष, हातात न कोमेजणारी फुलं, चेहऱ्यावर काही म्हणजे काहीच नाही. भोवती छोटे छोटे प्रसंग. संतांच्या किंवा देवांच्या तसबिरीत मधे मूर्ती आणि कडेने चरित्रातल्या चौकटी असतात ना, अगदी तशी मांडणी. फक्त या माणसाच्या चरित्रात चमत्कार नाही. तेव्हा या चित्राला लोकांनी मध्यमवर्गावरचा उपहास म्हटलं. आज बघताना मला तो माणूस काहीतरी दाबून धरल्यासारखा दिसतो. गुच्छ आणलाय, पण कुणासाठी ते सांगता येत नाही.

कारण भूपेन समलिंगी होते आणि पंचेचाळिशीपर्यंत ते उघड बोललेले नव्हते. १९७९ मध्ये ते इंग्लंडमध्ये राहिले, शिकवलं, चित्रकार हॉवर्ड हॉजकिनकडे मुक्काम असायचा. तिथे पुरुष जोडपी राजरोस एकत्र राहताना पाहिली. १९८० मध्ये आई गेली. आणि १९८१ मध्ये आलं 'यू कान्ट प्लीज ऑल'.

उजवीकडे बाल्कनीत एक नागडा माणूस, आपल्याकडे पाठ, कठड्याला टेकून खाली बघतोय. खाली गाव, संध्याकाळचा निळसर काळोख, आणि त्यात इसापाची गाढवाची गोष्ट चाललेली : बाप बसला तर लोक हसतात, मुलगा बसला तरी हसतात, गाढव खांद्यावर घेतलं तरी हसतात. एकाच चित्रात तेच बाप-लेक पुन्हा पुन्हा दिसतात, आपल्या जुन्या पोथीचित्रांत असतं तसं. गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ, म्हणून बाल्कनीतल्या माणसाला काहीच बोलावं लागत नाही. हे चित्र आता लंडनच्या टेट या कलासंग्रहालयाकडे आहे.

या चित्राला नेहमी 'धाडसी कबुली' म्हणतात. मला धाडस नग्नतेत दिसत नाही. तो माणूस गाव सोडून गेलेला नाही, यात दिसतं. शेजारी तिथेच आहेत, गाढव तिथेच आहे, तोही तिथेच आहे. खख्खरांची नंतरची सगळी चित्रं या एका हट्टावर उभी आहेत : माझं प्रेम इथेच, याच मोहल्ल्यात, याच देवळाशेजारी राहणार. 'टू मेन इन बनारस' (१९८२) बघा. एका बाजूला दोन उघडे पुरुष मिठीत, जवळजवळ माणसाएवढे मोठे. दुसऱ्या बाजूला छोट्या आकारात घाट, साधू, पूजाअर्चा. त्या दोघांना कुणी हाकलत नाही आणि पूजाही थांबत नाही. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ तेव्हा पूर्ण लागू होतं, हे ध्यानात घेऊन बघा.

तुम्हाला काय वाटतं? ज्यांनी मूळ चित्रं पाहिलीत त्यांनी जरूर लिहा.

गिरगावकर_आता_बोरिवली

वा! खेतवाडीचं नाव काढलंत म्हणून लॉगिन केलं. त्या तसबिरींची एक गोष्ट जोडतो. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईतच सुरू झाला, मग लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. लक्ष्मी-सरस्वती घराघरात पोचल्या त्या तिथून. आणि रविवर्म्याची मूळ तैलचित्रं मोठ्या संख्येने कुठे? तर बडोद्याला, गायकवाडांकडे. म्हणजे हा पोरगा छापील देवांच्या शहरातून निघून मूळ देवांच्या शहरात गेला आणि तिथे बसून छापील देव कापले.

साधी_रेघ

लेख छान, पण चित्रं शोधून पाहिली आणि प्रामाणिकपणे सांगतो, निराशा झाली. हात बघा, मनगटाला हाडच नाही. बोटं भेंडीसारखी. आमच्या वेळी एलिमेंटरीला असा हात काढला असता तर सरांनी कागद फाडला असता. परदेशात कौतुक झालं की आपणही माना डोलवायच्या का? दुसरं, एखाद्याच्या शेजघरात काय चालतं ते चित्राच्या आधी का सांगायचं? चित्र चांगलं असेल तर चित्रकार कोण होता याने काय फरक पडतो?

टर्पेंटाइन

साधी_रेघ, दोन्ही प्रश्न रास्त आहेत, वेगवेगळे घेतो.

हाताबद्दल. शरीरशास्त्र त्यांना जेमतेम येत होतं हे खरं. पण त्यांनी ते शिकून घेण्याऐवजी दुसरीकडे बघितलं : इटलीतल्या सिएनाचे जुने चित्रकार, कंपनी शैलीतली (ईस्ट इंडिया कंपनीच्या साहेबांसाठी इथल्या चित्रकारांनी काढलेली) चित्रं, आणि फ्रेंच चित्रकार हेन्री रूसो, जो स्वतः पॅरिसमध्ये जकातखात्यात कारकून होता आणि स्वतःच चित्रकला शिकला होता. १९७० चं 'द टायगर अँड द स्टॅग' बघितलंत तर रूसोचा तो ऋण-स्वीकार दिसेल. हाड नसलेला हात घड्याळजीला दिला की तो घड्याळजी जरा बावळट, जरा हळवा होतो. तोच हात जे.जे.च्या पद्धतीने काढला तर त्याचं पोस्टर होईल.

शेजघराबद्दल. पुरुष चित्रकाराने आपल्या बायकोचं किंवा मैत्रिणीचं नग्नचित्र काढलं की आपण त्याला शेजघर म्हणत नाही, अभ्यासचित्र म्हणतो. आणि इथे फरक पडतोच. ती फुलं कुणासाठी, हे कळलं नाही तर तुम्ही १९७५ चं चित्र अर्धंच पाहता.

लेजरबुक

मी स्वतः सीए. 'असिस्टंट अकाउंटंट' या पदाचं कुणी पोर्ट्रेट काढलं, हेच मला भरून पावल्यासारखं आहे. आमच्या धंद्यात माणूस चाळीस वर्षं एका खुर्चीत बसतो आणि त्याचा फोटो फक्त निवृत्तीच्या समारंभाला निघतो, हारासकट.

टर्पेंटाइन, एक गोष्ट लिहायची राहिली. हा माणूस जाम विनोदी होता. १९७२ च्या एका कॅटलॉगात त्यांनी स्वतःचे फोटो छापले होते, कुठे जेम्स बाँड, कुठे मिस्टर युनिव्हर्स. सडपातळ, जाड चष्मा, आणि मिस्टर युनिव्हर्स! कॅटलॉगाचं नाव 'ट्रुथ इज ब्यूटी अँड ब्यूटी इज गॉड'. तेव्हाच्या कलाजगतातल्या गंभीर तोंडांची याहून चांगली उडवलेली मी पाहिली नाही.

आणि नोकरी करत चित्र काढणाऱ्यांत आपले सुधीर पटवर्धन आहेतच. २००५ पर्यंत ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून प्रॅक्टिस आणि इकडे चित्रांत लोकल, इराणी हॉटेलं, कामगार. १९८१ च्या 'प्लेस फॉर पीपल' प्रदर्शनात हे दोघं एकत्र होते, सोबत शेख, विवान सुंदरम, नलिनी मलानी आणि जोगेन चौधुरी. मुंबईत आणि दिल्लीत भरलं होतं. माणसाला चित्रात परत आणायचं, ही त्यामागची भूमिका.

बडोदेकर

इथे बडोद्यात खख्खरांचं नाव काढलं की वयस्कर मंडळींना चित्रांआधी लेखन आठवतं. गुजरातीत कथा आणि नाटक लिहायचे, 'मोजीला मणिलाल' हे त्यांचं नाटक. कथांतही तीच माणसं, साबणाची वडी, डिंकाची बाटली, नवरा-बायकोची कुरबुर, आणि मधेच अचानक काहीतरी अतर्क्य. शिवाय शेख आणि ते मिळून 'वृश्चिक' नावाचं छोटं मासिक काढायचे, १९६९ पासून चारेक वर्षं.

चित्रांच्या नावांत हा लेखक डोकावतो. १९९५ च्या एका चित्राचं नाव असं : वासदच्या एका म्हाताऱ्याला पाच लिंगं होती आणि त्याला सर्दी झाली होती. वासद म्हणजे इथून आणंदच्या वाटेवरचं मही नदीकाठचं गाव, रोजच्या गाड्या थांबतात तिथे. पाच लिंगांपेक्षा सर्दीने तो म्हातारा जास्त बेजार दिसतो. गुजराती माणूस हसेल आणि मग इकडे तिकडे बघेल की आपल्याला हसताना कुणी पाहिलं का.

चहाबिस्कीट

बडोदेकर, वाचून ऑफिसात जोरात हसलो. आता इकडे तिकडे बघतोय.

उंबरठा

बरेच दिवस या संस्थळावर नुसता वाचक आहे. हा धागा बघून लिहितोय. मी स्वतः गे आहे, चाळिशी ओलांडली.

आमच्याबद्दलची चित्रं, सिनेमे, जाहिराती यांत पुरुष कसे असतात? कमावलेली शरीरं, तिशीच्या आतली. खख्खरांचे पुरुष म्हातारे आहेत. पोट सुटलेले, टक्कल पडलेले, कवळी काढून ठेवलेली असावी असे गाल. त्यांना आयुष्यातही वयस्कर, साधी, बहुतेकदा संसारी माणसं आवडायची आणि त्यांनी ती लपवली नाहीत. १९८६ चं 'सेवा' नावाचं चित्र आहे. सेवा! पाय चेपणं, औषध देणं, अंगावर पांघरूण घालणं. आपल्या घरांत प्रेम असंच दाखवतात, मिठ्या कोण मारतं? म्हाताऱ्या जोडीदाराची काळजी हा शृंगाराचाच भाग आहे, असं त्यांच्याआधी आपल्याकडे कुणी रंगवल्याचं मला आठवत नाही.

साधी_रेघ, तुमच्यावर राग नाही. पण 'काय फरक पडतो' हे वाक्य आम्ही घरातही ऐकतो आणि त्याचा अर्थ बहुतेकदा 'बोलू नकोस' असा असतो.

साधी_रेघ

उंबरठा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मुद्दा पोचला. 'सेवा' शोधतो.

हाताबद्दलचं मत मात्र कायम.

निळी_शाई

'सखीभाव' (१९९५) बद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. कृष्ण हा एकच पुरुष आणि बाकी सगळे भक्त, दाढीमिशा असलेलेसुद्धा, त्याच्या सख्या, ही वैष्णव कल्पना खख्खरांना गुजरातच्या वातावरणातून आयती मिळाली. आपल्याकडे ज्ञानेश्वरांच्या विरहिण्या, म्हणजे विरहाचे अभंग, आहेतच. संन्याशाचा मुलगा, लग्न न केलेला, आणि विरहात जळणारी बाई होऊन बोलतोय. सातशे वर्षं आपण ते गातो आणि कुणाला वावगं वाटत नाही. खख्खरांनी नवं काही केलं असेल तर त्या भावाला शरीर दिलं.

'ययाती' (१९८७) बघतानाही हेच. म्हाताऱ्या बापाला तारुण्य देणारा पुरू आपल्याला पाठ आहे. इथे आडव्या पडलेल्या वृद्धावर पंख असलेला एक तरुण झेपावतोय आणि देवाणघेवाण फक्त वयाची राहिलेली नाही. ते चित्र मला अजून अस्वस्थ करतं. आवडतं असं म्हणणार नाही.

गिरगावकर_आता_बोरिवली

निळी_शाई, विरहिण्यांपर्यंत नेणं जरा ओढूनताणून वाटतं. ज्ञानेश्वरांचा विरह आत्म्याचा आहे. उद्या प्रत्येक गौळण समलिंगी ठरवाल.

निळी_शाई

मी ज्ञानेश्वरांबद्दल काहीच ठरवत नाहीये. पुरुषाने स्त्री होऊन प्रेम मागणं या संस्कृतीला परकं नव्हतं, एवढंच म्हणते. खख्खरांना 'हे सगळं पाश्चात्त्य थेर' म्हणणाऱ्यांसाठी.

कोर्टाची_पायरी

कायद्याचा मुद्दा थोडा पुढे नेतो. मुंबईतच १९५४ मध्ये चित्रकार अकबर पदमसींवर 'लव्हर्स' या चित्रावरून अश्लीलतेचा खटला झाला होता, आणि ते तर स्त्री-पुरुषांचं चित्र. पदमसी सुटले. तरी ७० वर्षांनी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की प्रत्येक नग्नचित्र अश्लील नसतं. तेव्हा कस्टम्सने पदमसी आणि आपले गोव्याचे चित्रकार सूझा यांची रेखाटनं अडवून ठेवली होती. या पार्श्वभूमीवर १९८२ मध्ये दोन पुरुष रंगवणं आणि वर पाठीमागे काशी! ३७७ बद्दलचा दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल २००९ चा, तो २०१३ मध्ये उलटला, आणि सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीचे संबंध गुन्ह्यातून काढले ६ सप्टेंबर २०१८ ला. खख्खर २००३ मध्येच गेले होते. त्यांना १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हाही, कायद्याच्या नजरेत, ते गुन्हेगार ठरू शकत होते.

चहाबिस्कीट

त्यांची शेवटची चित्रं फार रक्तबंबाळ आहेत ना? गोध्रा आणि दंगलींवरची असं एका ठिकाणी वाचलं.

टर्पेंटाइन

तारखा बघ. 'बुलेट शॉट इन द स्टमक', 'इंजर्ड हेड ऑफ राजू' ही चित्रं २००१ ची, दंगली २००२ च्या. चित्रकाराला भविष्य दिसलं वगैरे लिहिणं सोपं असतं. खरं कारण जवळचं आहे : नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस त्यांना प्रोस्टेटचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया, तपासण्या, उघडं पडलेलं शरीर. फाटलेलं पोट, बाहेर आलेली आतडी, आणि ते सगळं रंगवताना गुलाबी-लाल रंगांची अशी मजा की बघणाऱ्याला लाज वाटावी. १९९९ च्या एका चित्रात शौचाला बसलेल्या माणसाचं दुखणं आहे आणि नाव काय, तर दिवसाअखेरीस लोखंडाचे ठोकळे बाहेर पडले! लेजरबुक म्हणतात तो विनोद मरेपर्यंत सुटला नाही. त्या काळात आजूबाजूला हिंसा नव्हती असं मी म्हणत नाही, पण जखम आधी स्वतःची होती.

८ ऑगस्ट २००३ ला बडोद्यात गेले. आदल्या वर्षी माद्रिदच्या रेना सोफिया संग्रहालयात मोठं प्रदर्शन झालं होतं.

उंबरठा

एक तक्रार माझीही. या चित्रांत बायका फार कमी आहेत. ज्या संसारी पुरुषांवर त्यांनी प्रेम केलं, त्यांच्या घरी बायका होत्याच की. त्या चित्राबाहेर स्वयंपाकघरात राहिल्या. भारतातल्या निम्म्या गे पुरुषांची गोष्ट त्या न दिसणाऱ्या बाईशिवाय पुरी होत नाही. हे मी स्वतःच्या बिरादरीला उद्देशूनही म्हणतोय.

निळी_शाई

उंबरठा, हे कुणीतरी म्हणायला हवं होतं. मी बाई म्हणून म्हटलं असतं तर धाग्याचा रोख बदलला असता.

टर्पेंटाइन

मान्य. गल्ली त्यांनी आत घेतली, स्वयंपाकघर नाही. कथांमध्ये मात्र नवरा-बायको आहेत, बडोदेकरांनी वर लिहिलंय तसे. चित्रकाराने जे टाळलं ते लेखकाने केलं असावं. कुणी गुजराती नीट वाचणारं असेल तर यावर स्वतंत्र धागा काढा.

लेजरबुक

आता आमच्या खात्याचं. हॉजकिनच्या संग्रहातलं 'डीलक्स टेलर्स' २०१७ मध्ये लंडनच्या लिलावात दहा लाख पौंडांच्या वर गेलं. २०१९ मध्ये 'टू मेन इन बनारस' सुमारे २५ लाख पौंडांना. जे चित्र घरात लावायला लोक बिचकले असते ते तेव्हा त्यांचं सर्वांत महाग चित्र ठरलं. टेटने २०१६ मध्ये मोठं प्रदर्शन केलं तेव्हा एका ब्रिटिश समीक्षकाने अगदी साधी_रेघ यांच्या थाटात धुलाई केली होती, तेव्हा साधी_रेघ, तुम्ही एकटे नाही.

सलमान रश्दींचं त्यांनी केलेलं पोर्ट्रेट लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. रश्दींनीही आपल्या कादंबरीत एक हिशेबनीस चित्रकार घालून आधीच परतफेड केली होती. जमाखर्च जुळला.

साधी_रेघ

'सेवा' पाहिलं. मग 'जनता वॉच' परत पाहिलं, मोबाइलवर नाही, मुलाच्या मोठ्या स्क्रीनवर. माझे वडील घड्याळं दुरुस्त करत नव्हते, पण टायपिंग इन्स्टिट्यूट होती. त्या माणसाची बसण्याची तऱ्हा ओळखीची वाटली. गिऱ्हाईक नसतानाही काम चालू असल्यासारखं बसायचं.

हात तरीही चुकलेच आहेत. दिल्लीला डिसेंबरमध्ये जाणार आहे, भाचीचं लग्न. फुलांवाला माणूस संग्रहालयात भिंतीवर लावलेला असतो की गोदामात, कुणाला ताजी माहिती आहे का?

बडोदेकर

आलटून पालटून लावतात, जायच्या आधी फोन करून विचारा. सोमवारी बंद असतं.